इंग्रजी विनंती आणि तिच्याविषयीचे गैरसमज

इंग्रजीत विनंती करायची म्हणजे आज्ञार्थी वाक्याला 'प्लीज' जोडायचे, हा समज शाळेपासून इतका रुजलेला असतो की, 'प्लीज' असूनही एखादे वाक्य उद्धट वाटू शकते हे अनेकांना पटतच नाही. हा शब्द 'आपली मर्जी असेल तर' अशा अर्थाच्या 'इफ इट प्लीज यू' या जुन्या पोटवाक्यातून आला असून फ्रेंचमधील 'सिल वू प्ले' हा प्रयोगही त्याच घडणीचा आहे. परंतु काळाच्या ओघात त्यातील 'असेल तर' गळून पडले आणि त्याबरोबर ऐकणाऱ्याला दिलेली मोकळीकही गेली. उरलेला शब्द आता 'ही विनंती आहे' एवढीच खूण करतो. भाषाशास्त्रज्ञ लिन मर्फी यांनी एका सहकारी अभ्यासकाबरोबर कार्यालयीन ईमेलांची तुलना केली, तेव्हा ब्रिटिश लेखक विनंती करताना 'प्लीज' अमेरिकनांच्या जवळपास दुप्पट वेळा वापरतात असे आढळले. यावरून अमेरिकन माणूस कमी सभ्य ठरत नाही, कारण तेथे या शब्दाने वाक्याला कधी निकडीचा, तर कधी वरिष्ठाचा सूर येतो. भारतीय कार्यालयांत सर्रास दिसणाऱ्या 'काइंडली'ची गत तर याहून वाईट आहे. मराठी 'कृपया' निरुपद्रवी असते, पण त्याच भावनेने लिहिलेले 'काइंडली' ब्रिटिश वा अमेरिकन वाचकाला अनेकदा दटावणीसारखे लागते.

याच्या उलट बाजूचा गैरसमज असा की, नुसता आज्ञार्थ नेहमीच असभ्य असतो. जेफ्री लीच यांनी 1983 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखविले की, क्रियापदाचे रूप कोणते यापेक्षा त्या कृतीचा भार कोणावर पडतो आणि लाभ कोणाला होतो, हे सौजन्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे असते. पाहुण्याला आणखी एक सँडविच घ्या असे सांगताना आज्ञार्थच शोभतो, कारण लाभ पाहुण्याचा आहे आणि तेथे 'घेऊ शकाल का' असे विचारणे यजमानाचा हात आखडता असल्यासारखे दिसेल. पंगतीतल्या आग्रहाची सवय असलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

भार ऐकणाऱ्यावर पडत असेल, तेव्हा मात्र इंग्रजी वाक्य प्रश्नाचा आधार घेते. 'कॅन यू पास द सॉल्ट' हा ऐकणाऱ्याच्या क्षमतेविषयीचा प्रश्न असला, तरी त्याने मीठ पुढे सरकवायचे असते. जॉन सर्ल यांनी 1975 मध्ये अशा उक्तींची चिकित्सा केली आणि एका रूपातून दुसरे कार्य साधणाऱ्या या प्रकाराला अप्रत्यक्ष वाक्कृती म्हणता येईल. या आडवळणामागचे कारण पेनेलपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी इंग्रजी, तमिळ आणि मेक्सिकोतील त्सेल्ताल या भाषांच्या अभ्यासातून मांडले, आणि त्यासाठी अर्व्हिंग गॉफमन यांची 'फेस' ही संकल्पना, म्हणजे चारचौघांत राखायची पत, पायाभूत मानली. या पतीला दोन अंगे असतात: आपण इतरांना हवेसे वाटावे ही इच्छा आणि आपल्यावर कोणी सक्ती करू नये ही इच्छा. इंग्रजी विनंती दुसऱ्या अंगाला विशेष जपते, म्हणजे मराठीत ज्याला भीड घालणे म्हणतात ते आपल्याकडून घडू नये याची काळजी घेते. मराठी माणूस शब्द टाकतो आणि तो खाली पडू नये अशी आशा धरतो. इंग्रजी वाक्य मात्र तो शब्द सहज खाली पडू शकेल अशी सोय आधीच करून ठेवते. हेच सर्व जगाचे सौजन्य, असे मानणे चूक आहे. आना व्हिएर्झबिट्स्का यांनी 1985 मध्ये पोलिश भाषेच्या आधारे याच मुद्द्यावर हरकत घेतली होती.

'आय वॉज होपिंग' किंवा 'आय वॉज वंडरिंग इफ' ऐकून बोलणाऱ्याची आशा मागे पडली असा अर्थ लावला जातो, तो भूतकाळाचे एकच कार्य गृहीत धरल्यामुळे. येथील भूतकाळ वेळेचे नव्हे, तर दडपणाचे अंतर दाखवितो: इच्छा जणू आधीची होती, तेव्हा आता तिचे काय करायचे ते ऐकणाऱ्याने ठरवावे. या प्रयोगाचे मराठी वाचकाला नवल वाटण्याचे कारण नाही, कारण दारात उभा राहून 'तुमच्याकडे एक काम होतं' म्हणणाऱ्याचे काम संपलेले नसते, ते सुरूही झालेले नसते.

मग वाक्य जितके आडवळणाचे तितके नम्र, हा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण तोही टिकत नाही. शोशाना ब्लूम-कुल्का यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी आणि हिब्रू भाषकांनी सर्वाधिक सौजन्य 'कुड यू'सारख्या रूढ प्रश्नांना दिले, नुसत्या सूचकतेला नव्हे. खोलीत गारठा आहे असे म्हणून खिडकी लावून घेणाऱ्याने अर्थ शोधण्याचे ओझे दुसऱ्यावर टाकलेले असते.

सर्वांत मोठी फसगत इच्छा आणि अपेक्षा या शब्दांच्या भाषांतरात होते. 'आपण यावे अशी इच्छा आहे' याचे 'आय विश यू वुड कम' केले, की आमंत्रणाची जागा कुरकुर घेते, कारण या रचनेतील 'विश' ती गोष्ट घडणार नाही असे मानूनच बोलतो. 'एक्स्पेक्ट'चा स्वभाव याच्या विरुद्ध आहे. 21 ऑक्टोबर 1805 रोजी ट्राफल्गारच्या लढाईपूर्वी ब्रिटिश नौसेनापती नेल्सन यांना आपल्या आरमाराला निशाणांद्वारे 'प्रत्येक जण कर्तव्य करील याचा इंग्लंडला भरवसा आहे' असा संदेश द्यायचा होता आणि त्यासाठी त्यांनी 'कन्फाइड्स' हे क्रियापद निवडले होते. परंतु संकेतपुस्तकात तो शब्द नसल्याने तो एकेक अक्षर करून दाखवावा लागेल, हे निशाण-अधिकारी जॉन पास्को यांनी लक्षात आणून दिले आणि वेळ वाचविण्यासाठी 'एक्स्पेक्ट्स' घेण्यात आले. भरवशाच्या जागी आलेला हा शब्द आजच्या कानाला फर्मानासारखा ऐकू येतो. 'आपल्या उत्तराची अपेक्षा आहे' हे मराठी पत्रातले सौम्य वाक्य 'आय एक्स्पेक्ट युअर रिप्लाय' होऊन बाहेर पडते, तेव्हा नेमके हेच घडते. उत्तर देणे हे वाचणाऱ्याचे कर्तव्य ठरते. इंग्रजी पत्रलेखक तेथे 'आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू' लिहितो. उत्तर येणार हे या वाक्यातही गृहीत असते, पण ते वाट पाहणाऱ्याच्या उत्सुकतेच्या रूपाने येते.