कौलारू, टिनाच्या व धाब्याच्या घरांवर सौर पॅनेल

हल्ली आमच्या बुलढाणा जिल्ह्यात सौर विजेची चर्चा घरोघर चालू आहे. २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० रुपये व ३ किलोवॅट किंवा त्याहून अधिक क्षमतेस ७८,००० रुपये अनुदान ठरविण्यात आले. ज्यांच्या घरास सिमेंटची गच्ची आहे त्यांस फारशी अडचण नाही. परंतु गावठाणातील जुनी घरे कौलांची, टिनपत्र्यांची, नाहीतर धाब्याची असतात. अशा घरधन्याने काय करावे, याविषयी चार शब्द लिहावे असे आम्हांस वाटले.

पहिला प्रश्न सर्व जण वजनाचा काढतात. वस्तुतः वजन हा मोठा शत्रू नव्हे. सुमारे अडीच चौरस मीटरचे एक पॅनेल २८ किलोच्या आसपास भरते, म्हणजे चौरस मीटरला ११-१२ किलो. लोखंडी सांगाडा धरून हा भार १५ किलोपर्यंत जाईल. मंगलोरी कौलांचे छप्पर स्वतःच चौरस मीटरला ४० किलोंहून अधिक भार वाहत असते. वासे निरोगी असतील तर ही भर ते सोसतात.

खरा शत्रू वारा होय. आम्ही महसूल खात्यात कारकुनी करीत असता चैत्र-वैशाखातील वादळानंतर पडझडीचे कित्येक पंचनामे लिहिले. छप्पर भाराने खचले असे लिहिण्याचा प्रसंग क्वचित आला. 'पत्रे उडाले' असे मात्र पानोपानी लिहावे लागले. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ४७ किलो होतो, व वेग दुप्पट झाल्यास दाब चौपट होतो. म्हणजे २८ किलोच्या पॅनेलास उचलावयास त्याच्या चौपट जोर येऊ शकतो. तेव्हा पॅनेल छपरास कसे पेलेल यापेक्षा ते छपरास कसे धरून राहील, हे पाहिले पाहिजे.

कौलारू घराचा विचार प्रथम करू. सांगाडा कौलांस कधीही बांधू नये. जेथे वासा आहे तेथील कौल वर सरकवून पोलादी आकडी वाशासच स्क्रूंनी घट्ट करावी व कौल पुनः जागेवर बसवावे. आकडीमुळे कौल उचलले जात असेल तर त्याची खालची कड थोडी घासून घ्यावी. अन्यथा पावसाचे पाणी आत शिरते. पॅनेल पाख्याच्या उतारासच समांतर ठेवावे, मध्ये हवा खेळावयास सुमारे चार इंच फट असावी. अधिक ऊन मिळावे म्हणून त्यास उंच उभे करणे म्हणजे वाऱ्यास शीड बांधून देणे होय. आढे, वळचण व दोन्ही कडांपासून दीड-दोन फूट जागा मोकळी सोडावी, कारण वारा तेथेच सर्वांत अधिक ओढतो. दक्षिणेचा पाखा उत्तम, पूर्व किंवा पश्चिमेचा चालेल, वीज थोडी कमी मिळेल, उत्तरेचा टाळावा.

टिनपत्र्यावर स्क्रू पन्हाळीच्या उंचवट्यावर, रबरी चकती घालून, खालच्या लाकडात किंवा लोखंडी कैचीत जावा. नुसत्या पत्र्यास धरलेला सांगाडा पत्र्यासकट उडतो. सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर माणसाने चढूच नये. तो एकाएकी फुटतो, व ॲस्बेस्टॉसचा असल्यास त्यास भोके पाडताना उडणारी धूळ फुफ्फुसांस घातक असते.

धाब्याच्या घरावर पॅनेल बसवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पांढऱ्या मातीत खांब रोवला की पाणी त्याच्या कडेने तुळईपर्यंत उतरते, आणि लाकूड आतून कुजते. त्यापेक्षा अंगणात किंवा गोठ्याशेजारी, सावली नसलेल्या जागी, काँक्रीटच्या पायात आठ फुटी खांब उभारून त्यावर पॅनेल ठेवावे. खाली कडबा किंवा अवजारेही राहतात. अशा उभारणीस अनुदान मिळण्याविषयी अर्जापूर्वीच महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्यावे.

आमच्या स्वतःच्या कौलारू घरी काम करणारी माणसे कौलांवरून सरळ चालत गेली. त्या दिवशी काही दिसले नाही. मृगाच्या पहिल्या सरीस मात्र ज्वारीची दोन पोती भिजली, तेव्हा अकरा कौले तडकलेली निघाली. म्हणून पाख्यावर फळ्या टाकूनच चालावयास लावावे, कामकऱ्यांच्या कमरेस दोर असावा, आणि शे-पन्नास जादा कौले घरी ठेवावीत. पुढे तशीच कौले मिळतीलच असे नाही.

शेवटी एक गोष्ट. पॅनेल २५ वर्षे चालावे अशी अपेक्षा असते. वाशास उधई लागली असेल तर ते पाच वर्षांत उतरवावे लागेल, व तो खर्च कोणी भरून देत नाही. करारापूर्वी सुताराकडून प्रत्येक वासा टोचून पाहावा. पोकळ आवाज आल्यास पहिला पैसा छपरास लावावा आणि मग पॅनेलास. अनुदान पुढच्या वर्षीच्या अर्जासही कदाचित मिळेल. डोक्यावरचे छप्पर मात्र यंदाच्या पावसाळ्यातच लागणार आहे.