वर्धेचा कांठ आणि शांततेची कल्पना

शांतता म्हणजे युद्धाचा अभाव, एवढी व्याख्या शाळेंतील मुलासही पाठ असते. परंतु माणसें कशास भितात आणि रक्षणासाठीं कोणाकडे पाहतात, हें काळागणिक बदलतें. त्याबरोबर शांततेचा अर्थही पालटतो. नागपूर जिल्ह्यांतील नरखेड तालुक्याच्या पश्चिम कडेनें वाहणारी वर्धा नदी या स्थित्यंतराची साक्षीदार आहे.

सन १८०३ च्या डिसेंबरांत दुसरे रघूजी भोसले यांनीं इंग्रजांशीं देवगांवचा तह केला. त्या तहानें वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख भोसल्यांच्या हातून गेला व निजामाच्या वांट्यास आला. नदी होती तेथेंच राहिली; पण ती आतां दोन राज्यांची सरहद्द झाली. शांतता राजांच्या कागदावर उतरली, रयतेच्या नशिबीं मात्र पेंढाऱ्यांच्या धाडी उरल्या. अशा काळीं खेड्याची सुरक्षितता म्हणजे गढीची भिंत आणि रात्रीं जागणारा पहारेकरी.

सन १८१६ मध्यें नागपुरानें तैनाती फौज पत्करली. संरक्षण मिळालें, पण स्वातंत्र्याच्या मोलानें. दुसऱ्याच वर्षीं, नोव्हेंबर १८१७ मध्यें, सीताबर्डीच्या लढाईंत भोसल्यांची फौज हरली. पेंढारी मोडले, वाटा निर्धास्त झाल्या. परंतु १८५४ सालीं राज्यच खालसा झालें. ज्या व्यवस्थेंत आपला निर्णय आपल्या हातीं नाहीं, तिला शांतता म्हणावें कीं नुसता बंदोबस्त?

हाच प्रश्न पुढें साऱ्या आशिया खंडापुढें उभा राहिला. सन १९५५ च्या एप्रिलांत बांडुंग येथें आशिया व आफ्रिकेंतील २९ राष्ट्रें जमलीं. परस्परांच्या सार्वभौमत्वाचा आदर करावा व एकानें दुसऱ्याच्या कारभारांत ढवळाढवळ करूं नये, हें त्यांचें उत्तर होतें. तथापि १९६२ सालीं भारत-चीन युद्ध झालें आणि केवळ वचनें सीमा राखीत नाहींत, हें कळून आलें.

वर्धेनें तर याहूनही कठोर धडा दिला. ३० जुलै १९९१ रोजीं तिच्या पुरानें नरखेड तालुक्यांतील मोवाड गांव उद्ध्वस्त केलें. दोनशेंच्या वर माणसें दगावलीं. शत्रु आला नव्हता, सरहद्द कोणी ओलांडली नव्हती, तरीही घरें सुरक्षित नव्हतीं.

तीनच वर्षांनीं, १९९४ मध्यें, संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास अहवालानें ‘मानवी सुरक्षा’ ही कल्पना जगापुढें मांडली. तिचे प्रणेते महबूब उल हक हे आशियाचेच अर्थशास्त्रज्ञ. अन्न, आरोग्य, उपजीविका, पर्यावरण यांची शाश्वती नसेल, तर सैन्य कितीही मोठें असो, मनुष्य सुरक्षित नाहीं, असा तिचा आशय होता.

वर्धेचा उगम मध्यप्रदेशांत मुलताईच्या परिसरांत आहे. तिच्या पाण्यास जिल्ह्यांच्या वा प्रांतांच्या सीमा ठाऊक नाहींत. म्हणून वरच्या अंगास पाऊस कोसळूं लागतांच खालच्या गांवीं वेळेवर पोंचलेला इशारा, हाही आतां शांततेच्या साधनांत गणला पाहिजे. एके काळीं गांवाचा पहारेकरी रात्रभर वाटेकडे पाहत असे. आजच्या पहारेकऱ्यानें नदीकडेही पाहिलें पाहिजे.