गंजलेल्या तळाची दुरुस्ती

लोखंडाइतका बळकट आणि त्याच वेळी लोखंडाइतका दुबळा धातू आमच्या नित्य व्यवहारात दुसरा क्वचितच असेल. तो घणाचे घाव सोसतो, मणामणांची ओझी वाहतो. परंतु ओल्या हवेपुढे त्याचे काही चालत नाही. आम्हां गोमंतकीयांना याचा प्रत्यय घरोघरी येतो. खिडकीचे गज, विहिरीवरची कप्पी, फाटकाच्या बिजागऱ्या, सायकलची साखळी ही सारी एकाच पावसाळ्यात तांबूस होऊन जातात. वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस आणि उरलेल्या महिन्यांत समुद्रावरून येणारा खारा वारा, अशा प्रदेशात लोखंडाची निगा कधी संपत नाही.

या प्रदेशातील सर्वांत कष्टी लोखंड पाहावयाचे असेल, तर मासळी वाहणाऱ्या एखाद्या जुन्या पिकअप गाडीचा तळ पाहावा. पहाटे जेटीवर बांगड्या-तारल्यांनी भरलेल्या पाट्या तिच्यात चढतात, वर बर्फ पसरला जातो आणि बाजाराला पोहोचेपर्यंत वितळलेले खारे पाणी फळ्यांच्या सांध्यांतून खाली झिरपत राहते. चालकाच्या ओल्या पायांबरोबर तेच पाणी पुढील खोलीतही येते व पायाखालच्या रबरी चटईखाली जाऊन बसते. दहा-बारा वर्षे असे चालले म्हणजे एके दिवशी चटई उचलताच खालचा रस्ता दिसू लागतो!

हा केवळ विद्रूपतेचा प्रश्न नव्हे. चालकाचे आसन याच तळावर बोल्टांनी आवळलेले असते. तळ कुजला की आसनाचा आधार जातो आणि अपघाताच्या वेळी आसन उपटून येण्याचे भय राहते. दुसरे संकट दिसतही नाही. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर वाहून नेणारी नळी गळकी असल्यास तळाच्या भोकातून तो आत शिरू शकतो. शिवाय अशा एका गाडीवर अनेकदा सबंध कुटुंबाचा चरितार्थ अवलंबून असतो. नवी गाडी घेणे प्रत्येकाला परवडत नाही. म्हणून जुन्या गाडीचा तळ नीट दुरुस्त कसा होतो, हे समजून घेणे उपयोगाचे आहे.

प्रथम गंज म्हणजे काय ते पाहू. विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत तीन परीक्षानळ्यांत तीन स्वच्छ खिळे ठेवण्याचा प्रयोग केला असेलच. एका नळीत साधे पाणी व हवा. दुसरीत उकळून हवा काढून टाकलेले पाणी व त्यावर तेलाचा थर. तिसरीत कोरडी हवा व ओल शोषून घेणारे कॅल्शियम क्लोराइड. काही दिवसांनी केवळ पहिल्या नळीतील खिळा गंजतो. यावरून गंजाला पाणी व प्राणवायू दोन्ही लागतात हे सिद्ध होते. आता चौथी नळी घेऊन तीत मिठाचे पाणी घालावे. तिच्यातील खिळा पहिल्याहून लवकर गंजेल. गंजण्याची क्रिया ही वस्तुतः विजेची क्रिया आहे. लोखंडाच्या एका जागी अणू आपले इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन धातूतून वाहत दुसऱ्या जागी जातात व तेथे प्राणवायू त्यांना स्वीकारतो. हे मंडल पाण्यातून पूर्ण होते. खाऱ्या पाण्यातून वीज सुलभतेने वाहते, म्हणून समुद्रकाठी गंजाची चाल जलद असते.

गंजाचे आणखी दोन स्वभाव ध्यानात ठेवावयास हवेत. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा जो थर येतो तो घट्ट बसून आतील धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असतो. तो ओल धरून ठेवतो आणि ज्या लोखंडापासून झाला त्याच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. यामुळेच रंगाखाली फोड येतात व पापुद्रे सुटतात. दुसरा स्वभाव अधिक कपटी आहे. एकाच ओल्या पत्र्याचा काही भाग उघडा व काही भाग झाकलेला असेल, तर जेथे प्राणवायू कमी पोहोचतो तो झाकलेला भागच आधी खंगतो. चटईखाली, चिखलाच्या थराखाली, दोन पत्र्यांच्या फटीत तळ आधी का कुजतो, याचे उत्तर येथे मिळते. कुजक्या भागावर नुसता नवा पत्रा ठोकून दिला, तर दुरुस्ती फार काळ का टिकत नाही, याचेही उत्तर हेच. आपण आतील गंजाला एक नवी फट बांधून दिलेली असते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. कुशल कारागीर हत्यार हाती घेण्यापूर्वी पाहणी करतो. आसन, चटया व खालचे आस्तर काढून तो तळ कोरडा करतो आणि हातोडीने हलके ठोकत जातो. निरोगी पत्रा खणखणीत नाद देतो. कुजलेला बदबद वाजतो. शंका असेल तेथे टोकदार पेचकस दाबून पाहतो. त्याच वेळी पाणी कोठून आले याचाही शोध घेतला जातो. पुढील काचेचे रबर गळते आहे काय? दाराचे रबर फाटले आहे काय? पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली भोके चिखलाने बुजली आहेत काय? हे कारण दूर न करता पत्रा बदलणे म्हणजे छपराची गळती तशीच ठेवून जमीन सारवण्यासारखे आहे.

मग सुरक्षेची तयारी. बॅटरीच्या तारा सोडवितात. तळाखालून जाणाऱ्या इंधनाच्या व ब्रेकच्या नळ्या आणि विजेच्या तारा कोठे आहेत हे पाहून त्या बाजूला घेतात. इंधनाची टाकी जवळ असल्यास ती उतरवितात. रिकामी टाकी निर्धोक असते हा समज खोटा आहे, कारण तीत उरलेली वाफ ठिणगीने भडकू शकते. पाण्याची व वाळूची बादली हाताशी ठेवतात. वेल्डिंगच्या प्रकाशातील अतिनील किरण डोळ्यांना भाजून काढतात, म्हणून काळ्या काचेचा मुखवटा अपरिहार्य आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी हे काम पाहावे ते दुरूनच, आणि त्या प्रकाशाकडे न बघता.

यानंतर कुजलेला भाग कापून काढतात. येथेच दुरुस्तीची परीक्षा असते. कापण्याची रेषा भोकाच्या कडेवरून जाता कामा नये. तारेच्या ब्रशाने घासल्यावर जेथे चकचकीत व पूर्ण जाडीचा पत्रा दिसतो तेथपर्यंत मागे जावे लागते. मुठीएवढे वाटणारे भोक अशा वेळी ताटाएवढे होते आणि मालकाचा चेहरा उतरतो. परंतु पातळ झालेला पत्रा वेल्डिंगची उष्णता सोसत नाही, तो वितळून भोक आणखी मोठे होते. कापाचे कोपरे गोलाकार ठेवतात, कारण टोकदार कोपऱ्यात ताण साचून तेथून चीर जाते.

ठिगळाची आकृती आधी पुठ्ठ्यावर बेततात, शिंपी कागदावर बेततो तशी. पत्रा मूळच्या जाडीचा घेतात. १८ किंवा २० गेजाचा, म्हणजे सुमारे १.२ किंवा ०.९ मिलिमीटरचा पत्रा या कामी चालतो. मूळ तळावर पन्हळी असल्यास त्या ठिगळावरही उठवाव्या लागतात. त्या शोभेसाठी नसतात. सपाट कागद दोन पुस्तकांवर आडवा ठेवला तर तो आपल्याच भाराने वाकतो. त्यालाच घड्या पाडल्या की तो पेन्सिलही पेलतो. पत्र्याचेही तसेच. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरावयाचा झाल्यास सांध्याजवळचे जस्त आधी घासून काढतात. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते, तर लोखंड १५३८ अंशांना वितळते. सांधा जुळण्यापूर्वीच जस्ताचा धूर होतो, आणि तो श्वासावाटे गेल्यास ताप भरतो.

ठिगळ बसवून एका कडेने सरळ सांधत जाणे हा मार्ग सोपा दिसतो, पण तो घातक आहे. लोखंडाची एक मीटर लांबीची पट्टी १०० अंशांनी तापली की सुमारे १.२ मिलिमीटरने वाढते. पातळ पत्र्याची एक बाजू लाल होईतो तापली व दुसरी थंड राहिली, तर तो लाटेसारखा वाकतो. म्हणून आधी काही अंतरावर छोटे टाके घालतात. एक या बाजूला, दुसरा समोरच्या बाजूला. प्रत्येक टाका निवू देतात व मधली अंतरे क्रमाक्रमाने भरून काढतात. या कामात घाई चालत नाही.

सांधा पूर्ण झाला म्हणजे तो घासून सपाट करतात, फटी बुजविणारा लेप भरतात, गंजरोधक प्रायमर देतात आणि वरून रंग. हे सर्व खालच्या बाजूनेही व्हावयास हवे. वेल्डिंगच्या उष्णतेने तेथील जुना रंग जळालेला असतो. पाणी जाण्याची भोके मात्र उघडीच ठेवावयाची. १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारी बंद असते व गाड्यांना उसंत मिळते. परंतु त्या दिवसांतील हवा इतकी दमट असते की रंगाखाली ओल कोंडली जाते. यास्तव रंगकाम मे महिन्यातील कोरड्या दिवसांत किंवा बंदिस्त, उबदार जागेत उरकणे श्रेयस्कर.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. वरील रीत तळाच्या पत्र्यापुरती आहे. गाडीचा मुख्य सांगाडा, म्हणजे चॅसिस, किंवा आसनपट्टा जेथे जखडतो तो भाग कुजला असेल, तर ठिगळाचा विचार न करता जाणत्या कारागिराकडून त्या गाडीची पूर्ण तपासणी करून घ्यावी. काही गाड्या दुरुस्तीपलीकडे गेलेल्या असतात, आणि तसे स्पष्ट सांगणारा कारागीर मालकाचा हितकर्ताच असतो.

दुरुस्त झालेल्या तळाचे आयुष्य पुढे निगेवर ठरते. दर फेरीनंतर गोड्या पाण्याने गाडी आतून व खालून धुवावी, चटया उचलून वाळत घालाव्यात आणि रंगाला टवका उडालेला दिसताच तेवढा भाग घासून रंगवावा. बादलीभर गोडे पाणी आणि दहा मिनिटांचे श्रम, एवढाच याचा खर्च. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी गाडी आहे, त्यांनी या रविवारी चालकाच्या पायाखालची चटई एकदा उचलून पाहावी.