कात्रीनं केलेला हिवाळा

नाशिकमध्ये बोन्सायचे शौकीन कमी नाहीत. गच्चीवर, बाल्कनीत वड, पिंपळ, उंबर, चिंच, बोगनवेल उथळ कुंड्यांत वाढवलेली दिसतात. स्प्रूस मात्र दिसत नाही. हिमाचलात ज्याला रई म्हणतात ते हे झाड थंडीचं. जपानमध्ये ओमियाचे बोन्सायकार सबुरो कातो (१९१५–२००८) यांनी उत्तरेकडच्या एझो स्प्रूसवर आयुष्यभर काम केलं. फांदीला तार गुंडाळायची, कोवळी टोकं खुडायची, ठरावीक वर्षांनी मुळं कापून झाड पुन्हा बसवायचं. हे सगळं झाडाला सोसतं, कारण वर्षात एक कडक हिवाळा येतो आणि झाड निजतं. नाशिकचा जानेवारी पहाटे कुडकुडवतो आणि दुपारी सावली शोधायला लावतो. स्प्रूसची त्यात झोप होत नाही.

तरीही कात्री, तार आणि मुळी या तिन्हींनी झाड घडवायची विद्या या जिल्ह्याइतकी क्वचितच कुणाच्या अंगवळणी पडली असेल. ती कुंडीत चालत नाही, एकराएकरांत चालते, आणि तिचं झाड आहे द्राक्षवेल. वेलही मुळात थंड मुलखातली. तिकडे ती शरदात पानं गाळते, हिवाळाभर झोपते, त्या झोपेत एकदा छाटली जाते आणि वर्षाला एक पीक देते. आपल्याकडे वेल झोपतच नाही, बारा महिने हिरवी राहते. मग हिवाळ्याचं काम कोणी करायचं? नाशिकच्या द्राक्षशेतीचा शंभर वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो, असं मला वाटतं. निर्यातीचे आकडे आणि वाइनची चकचकीत दुकानं त्याच्या पुष्कळ नंतरची.

व्यापारी द्राक्षशेतीची सुरुवात सांगताना १९२५ हे वर्ष आणि ओझरचे रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांचं नाव घेतलं जातं. त्या पिढीच्या बागा आज पाहिल्या तर ओळखू येणार नाहीत. जाती होत्या भोकरी, फकडी, साहेबी. बी असलेल्या, पातळ सालीच्या, दूर पाठवायला नाजूक. आधार पांगाऱ्याचा. वेलाशेजारी पांगाऱ्याचा खुंट रोवायचा, तो जीव धरायचा आणि वेल त्याच्यावर चढायची. पांगारा शेंगवर्गातला, त्याचा पाला जमिनीला खत. पण तो माजला तर वेलीवर सावली पडे, म्हणून वेलीबरोबर त्याचीही छाटणी करावी लागे. एका आधारावर एक वेल, वर शेंड्याला गुंता आणि ऊन पोचेल तेवढाच माल. उत्पन्न मर्यादित राहिलं यात नवल नाही.

वर्षातून दोनदा छाटणी ही आपल्याकडची तोड. एप्रिलमध्ये खरड छाटणी. माल निघाल्यावर वेलीला पंधरा-वीस दिवस विसावा द्यायचा आणि मग सगळ्या काड्या एकेका डोळ्यावर आणून ठेवायच्या. बाग उघडीबोडकी दिसते. नवख्या माणसाला वाटेल, कुणीतरी उद्ध्वस्त केली. उन्हाळ्यात तिच्यावर नव्या काड्या वाढतात आणि ऑक्टोबरच्या सुमारास त्या काड्या ठरावीक डोळ्यावर कापल्या की घड बाहेर पडतात. ही गोड छाटणी. तिथून साधारण चार महिन्यांत द्राक्ष तयार. एप्रिलच्या फुटीलाही फळ धरता येतं, पण ते पावसात सापडतं, आंबट राहतं आणि कुजतं. म्हणून तो बहार सोडून द्यायचा आणि त्या फुटीकडून फक्त काडी तयार करून घ्यायची.

बाहेरच्या माणसाला हे पटकन कळत नाही, पण फळाचा खरा निकाल ऑक्टोबरमध्ये लागत नाही. तो मे-जूनमध्येच लागलेला असतो. खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत कोवळ्या काडीतल्या डोळ्याच्या आत घडाचा सूक्ष्म आकार बनतो. त्या दिवसांत काडीला भरपूर ऊन हवं. ऊन मिळालं नाही तर डोळ्यात घडाऐवजी बाळी, म्हणजे वेलीचा तणावा, तयार होते, किंवा घड निघतो पण गोळीघड होऊन जिरतो. ऑक्टोबरच्या कात्रीला फक्त आत काय आहे ते उघडं करता येतं. आज गोड छाटणीआधी काड्यांचे नमुने प्रयोगशाळेत जातात, सूक्ष्मदर्शकाखाली डोळा चिरून पाहतात आणि कितव्या डोळ्यावर कापायचं ते सांगतात. पूर्वी हा निवाडा हातानं व्हायचा. गोल, टपोरा डोळा मालाचा. चपटा, टोकदार डोळा फेल, म्हणजे बिनघडाचा. जुने छाटणीवाले अजूनही आधी काडी बोटात फिरवून पाहतात.

कात्री कुठे चालवायची हे जात ठरवते. साठ-सत्तरच्या दशकांत बी नसलेली थॉम्पसन सीडलेस आली आणि सगळं बदललं. तिच्या बुडाकडच्या डोळ्यांत घड नसतो, म्हणून काडी लांब राखावी लागते. लांब काडी पसरायला जागा हवी आणि पांगाऱ्याच्या खुंटावर ती कुठून येणार? वर तारांची जाळी आणि खाली दगडी किंवा लोखंडी खांब असा मांडव बागांत पसरला, तो यामुळे. वेलीचं खोड सरळ वर न्यायचं, तारेवर दोन्ही बाजूंना ओलांडे, म्हणजे आडव्या फांद्या, वळवायचे, ओलांड्यांवर ठरावीक अंतरानं मालकाड्या. वेलीचा सांगाडा एकदा बसला की पुढं पंधरा-वीस वर्षं तोच. बोन्सायमध्ये तार फांदीला गुंडाळतात आणि फांदीला वळण बसलं की काढून टाकतात. मांडवाची तार कायम राहते. ती वळण लावायला असते आणि वजन पेलायलाही. जानेवारीत मांडवाखाली उभं राहून वर लोंबणारे घड मोजले की तारेचं काम कळतं.

मांडवानं एक अडचणही आणली. पानांचं दाट छत, खाली ओल, म्हणजे डाऊनी आणि भुरी या बुरशीरोगांना आमंत्रण. फवारणीचं औषध घडापर्यंत पोचायचं नाही. म्हणून पुढं वाय आकाराच्या आधारावर बागा आल्या. मधे मोकळी फट, दोन्ही बाजूंना तिरप्या तारा, ऊन दोन्ही अंगांनी. जुने मांडव मोडून वाय करायचा की मांडव राखायचा, यावर बागाईतदारांत अजून वाद होतात, आणि तो वाद मला रास्त वाटतो. मांडवाखालच्या सावलीत मणी उन्हानं भाजत नाही, आणि नाशिकचा मार्च दिवसेंदिवस सौम्य होत चाललेला नाही.

काडी-काडी निरखण्याच्या या सवयीतून आणखी एक गोष्ट घडली. थॉम्पसनच्या बागेत एखाद्या काडीचे मणी वेगळे, लांबट किंवा टपोरे दिसले, तर ती काडी राखून तिच्यापासून नवी जात करायची. तासगावची ‘तास-ए-गणेश’ आणि सोलापूरकडच्या नान्नजची ‘सोनाका’ अशाच आल्या. नान्नजच्या नानासाहेब काळे यांचं नाव त्यात आदरानं घेतलं जातं. नाशिकच्या बागांनी या जाती मनापासून उचलल्या. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघाच्या शिवारफेऱ्यांत नवी काडी एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात जायला वेळ लागला नाही. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आलं ते १९९७ मध्ये. तोवर शास्त्रज्ञांच्या आधी शेतकरीच पुढं गेले होते.

आता मुळीकडे. फार काळ द्राक्ष स्वतःच्या मुळावरच लावत. काडी कापायची, रुजवायची, लावायची. नव्वदच्या दशकापर्यंत पाणी कमी पडू लागलं, विहिरी-बोअरचं पाणी खारं होत गेलं, आणि थॉम्पसनची नाजूक मुळी त्यात टिकेना. मग आली डॉगरिज. ही मूळ टेक्सासची रानवेल. एकोणिसाव्या शतकात द्राक्षतज्ज्ञ टी. व्ही. मन्सन यांनी ती तिथून निवडली. मन्सन यांचं नाव युरोपात गाजलं वेगळ्या कारणानं. फिलॉक्सेरा नावाच्या किडीनं फ्रान्समधल्या वेलींची मुळं खाल्ली तेव्हा अमेरिकी रानवेलींच्या मुळावर कलम करणं हाच तिथं उपाय ठरला आणि त्या कामाबद्दल फ्रान्सनं मन्सन यांना १८८८ मध्ये गौरवलं. नाशिकमध्ये ती कीड हे कारण नव्हतं. इथं डॉगरिज आली दुष्काळाशी आणि क्षारांशी लढायला. फेब्रुवारी-मार्चमध्ये डॉगरिजची रोपं शेतात लावायची, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यावर हव्या त्या जातीचं पाचर कलम करायचं, पुढं रिकट घेऊन, म्हणजे फूट पुन्हा कापून, सांगाडा उभा करायचा, ही आता जिल्ह्यातली सर्वसाधारण रीत.

डॉगरिजनं बागा वाचवल्या. पण तिची मुळी जोरकस, आणि जोरकस मुळी वर फूट फार काढते. काडी जाड, पानं मोठी, सावली दाट, आणि सावलीत डोळ्यात घड भरत नाही. थोडक्यात, मुळीनं गाडी पळवायची आणि बागाईतदारानं सतत ब्रेकवर पाय ठेवायचा. हे ब्रेक दोन होते. एक सबकेन: सातव्या पानाच्या आसपास शेंडा मारायचा, बाजूनं निघालेली फूट पुढं वाढवायची, आणि मधल्या गाठीच्या डोळ्यांत माल पकडायचा. ही छाटणीतली शुद्ध कारागिरी, आणि माझ्या मते या शंभर वर्षांतली सगळ्यात हुशार युक्ती. दुसरा ब्रेक रासायनिक. वाढ रोखायला सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, उन्हाळ्यात फवारायचं.

हा दुसरा ब्रेक २०१० मध्ये अंगावर आला. त्या हंगामात युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाटचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले. माल अडकला, भाव कोसळले, निर्यातदार आणि बागाईतदार दोघंही रस्त्यावर आले. शेतमाल निर्यात पाहणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेची ‘ग्रेपनेट’ व्यवस्था २००६ पासून होती. प्लॉटची नोंद, नमुना, तपासणी, सगळं शिस्तीत होतं. तपासायच्या औषधांच्या यादीत मात्र हे रसायन नव्हतं. उन्हाळ्यात काडीवर मारलेलं औषध वेलीत मुरून पुढच्या वर्षीच्या मण्यात उतरेल, हा विचार फार थोड्यांनी केला होता. त्यानंतर अनेकांनी शेंडा मारणं, फेलफूट काढणं, पाणी-नत्र तोडणं या हाती करायच्या कामांकडे पुन्हा नीट लक्ष दिलं. डॉगरिजऐवजी ११० आर सारखी जरा संयमी मुळी घेणारेही वाढले. मुळीतल्या एका निर्णयाचे पडसाद कात्रीपर्यंत आणि तिथून रॉटरडॅमच्या बंदरापर्यंत गेले. द्राक्षाच्या इतिहासात याहून बोलका धडा मला सापडत नाही.

ऑक्टोबरचा हिवाळाही असाच बनवावा लागतो. छाटणीच्या दहा-पंधरा दिवस आधी इथरेल फवारून पानगळ करायची. छाटल्यावर दिवस-दोन दिवसांच्या आत काडीच्या टोकाच्या दोन-तीन डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावायची, म्हणजे ते एकसारखे फुटतात. आधी हे काम थायोयुरियावर चालायचं. मग डॉरमेक्स आलं आणि गावागावांत तेच नाव रूढ झालं. थंड देशात जे काम दोन महिन्यांची थंडी करते ते इथं रंगीत पेस्टचा एक बोळा करतो. हे रसायन अंगावर घेण्यासारखं नाही, आणि ते हाताळल्यावर दारू पोटात गेली तर त्रास गंभीर होतो. युरोपीय संघानं २००८ मध्ये त्याची मान्यता नाकारली, हेही लक्षात ठेवायला हवं. हातमोजे न घालता पेस्ट लावणारे मजूर आजही दिसतात.

मजुरांचं सांगायचं तर या सगळ्या मागोव्यात त्यांची नावं कुठंच येत नाहीत. नवी जात काढणाऱ्यांची येतात, निर्यातदारांची येतात. छाटणीच्या टोळ्या येतात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडच्या पाड्यांतून. काम एकरावर ठरतं. घडांची विरळणी आणि जिबरेलिक अॅसिडच्या पेल्यात घड बुडवण्याचं डिपिंग प्रामुख्यानं बायकांच्या हातचं. प्रत्येक घडातून किती मणी काढायचे हे त्या सेकंदात ठरवतात. अलीकडे बॅटरीवरच्या कात्र्या आल्या आहेत, त्यानं मनगट वाचतं. काडी वाचणं मात्र अजून माणसालाच करावं लागतं.

गेल्या पंधरा वर्षांत या विद्येची सगळी परीक्षा तारखेवर येऊन ठेपली. सटाण्याकडचे बागाईतदार जून-जुलैत छाटून लवकर माल आणतात, भाव चांगला मिळतो, जोखीम मोठी. निफाड-दिंडोरी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छाटते. २०१४ च्या मार्चमध्ये तयार मालावर गारा पडल्या. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस हटेना, फुलोऱ्यातले घड कुजले. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड भागात पुन्हा गारपीट. डिसेंबरात निफाडचा पारा घसरला की मणी तडकू नयेत म्हणून रात्री शेकोट्या पेटवायच्या, ठिबक चालू ठेवायचं. काहींनी वायवर प्लास्टिकचं आच्छादन घातलं. ते एकरी लाखांच्या घरात जातं, त्यामुळे सगळ्यांना झेपत नाही.

आच्छादन फळाला वाचवतं, पण २०२५ मध्ये वेगळंच घडलं. मे महिन्यातच पाऊस सुरू झाला आणि ढग हटलेच नाहीत. ज्या दिवसांत डोळ्यात घड बनायचा, नेमक्या त्या दिवसांत ऊन नव्हतं. अनेक बागांत काडी हिरवीगार आणि आत माल तुटपुंजा. यावर सुचणारा उपाय म्हणजे खरड छाटणी मार्चमध्ये ओढायची, म्हणजे पावसाआधी काडीला ऊन मिळेल. पण खरड लवकर करायची तर माल फेब्रुवारीतच निघाला पाहिजे, माल लवकर निघायचा तर गोड छाटणी सप्टेंबरच्या सुरुवातीला झाली पाहिजे, आणि सप्टेंबरमध्ये छाटलं की पोंगा अवस्थेतली, म्हणजे डोळे नुकते फुटू लागलेली, बाग परतीच्या पावसात सापडते.