दहा किलो उतरले, पण कशाचे?

दहा किलो वजन उतरलं की पेढे वाटावेसे वाटतात. वाटावेतच! फक्त त्या दहा किलोंत चरबी किती आणि अंगातलं बळ किती, हे वजनकाट्याला कळत नाही. डॉक्टरांचा ढोबळ हिशेब असा, की उतरलेल्या वजनातला पाव हिस्सा चरबीचा नसतोच. त्यात स्नायू असतात, पाणी असतं, यकृतही थोडं आक्रसलेलं असतं.

डाएटच्या पहिल्या आठवड्यात काटा भराभर खाली येतो, तो बराचसा पाण्यामुळे. शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतं आणि त्याच्या दर ग्रॅमामागे साधारण 3 ग्रॅम पाणी धरून ठेवतं. साठा सरला की पाणीही जातं. पोळी-भात पुन्हा सुरू झाला की तेवढं वजन परत येतं. त्याने खचून जाऊ नका.

वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या 2021 सालच्या गाजलेल्या चाचणीत 68 आठवड्यांत लोकांचं वजन सरासरी 15 टक्के घटलं. त्यातल्या काहींचं स्कॅन केलं, तेव्हा घटलेल्या वजनात सुमारे 40 टक्के वाटा चरबी सोडून इतर गोष्टींचा निघाला.

आपल्याला भारतीयांना याची जास्त काळजी का, त्याचं उत्तर पुण्यात आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण अंगातली चरबी? युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2! याज्ञिकांच्या चमूने पुण्याजवळच्या गावांतली नवजात बाळंही मोजली. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा ती बरीच हलकी, स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून. म्हणजे स्नायूंची आपली शिल्लक जन्मापासूनच बेताची. वजन उतरवताना तीच मोडायची, हे मला तरी बघवत नाही.

उपाशी राहून स्नायू राखायचं कोडं अस्वलाला केव्हाच सुटलंय. हिवाळ्यात ते महिनोन्‌महिने काही खात नाही, फारसं हलतही नाही, तरी स्नायू बहुतांशी टिकतात. लघवीतून बाहेर जायचा तो नायट्रोजन शरीर परत वापरतं आणि त्यातून नवी प्रथिनं घडवतं.

माणसाला मात्र घाम गाळावा लागतो. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात 40 तरुणांचं खाणं गरजेपेक्षा 40 टक्क्यांनी कमी केलं आणि आठवड्याचे सहा दिवस त्यांच्याकडून कसून व्यायाम करून घेतला. अर्ध्यांना किलोमागे 1.2 ग्रॅम प्रथिनं, अर्ध्यांना दुप्पट. चार आठवड्यांनी दुप्पटवाल्यांची चरबी सरासरी 4.8 किलोंनी घटली होती. आणि चरबीविरहित वजन? एवढं कमी खाऊनही ते 1.2 किलोंनी वाढलं होतं!