दोन घरांमधली एक भिंत

मलकापूर हे नळगंगेच्या काठचे, कापसाच्या व्यापाराने वाढलेले गाव. मुंबई–नागपूर लोहमार्गावरील स्थानक, सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने, बाजारपेठ आणि पेठेला लागून दाटीने उभी असलेली घरे अशी त्याची जुनी ओळख. या दाट वस्तीत घराला चार भिंती असल्या तरी त्या चारही त्याच्या एकट्याच्या नसतात. एखादी तरी भिंत शेजाऱ्यासह वाटून घेतलेली असते. व्यवहारात तिला ‘सामाईक भिंत’ म्हणतात.

ही भिंत वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात येत नाही. ती ध्यानात येते दोनच प्रसंगी: पलीकडचा आवाज झोप मोडतो तेव्हा आणि पलीकडे आग लागते तेव्हा. पहिला प्रसंग रोजचा आहे. सायंकाळी आजी सामायिकाला बसतात. अठ्ठेचाळीस मिनिटांचे ते व्रत समतेचे असते. पण त्याच वेळी पलीकडे मिक्सर सुरू होतो, दूरदर्शनवरील मालिकेचा प्रत्येक संवाद स्पष्ट ऐकू येतो. दुसरा प्रसंग आयुष्यात एखाद्याच वेळी येतो, बहुतेकांच्या वाट्याला कधीच येत नाही. परंतु तो आला तर दोन कुटुंबांची आयुष्यभराची मिळकत त्या एका भिंतीच्या भरवशावर उभी असते. म्हणून नवे घर बांधताना किंवा जुन्या घराची वाटणी करताना दर्शनी भागाच्या फरशीइतकाच विचार या मधल्या भिंतीचाही व्हायला हवा.

आगीने शिकवलेला धडा

भिंतीची ही जबाबदारी जगाने मोठी किंमत मोजून ओळखली. १६६६ च्या सप्टेंबरमध्ये लंडन शहरात लागलेल्या आगीत तेरा हजारांहून अधिक घरे भस्मसात झाली. घरे लाकडी, गल्ल्या अरुंद, आणि एका घराचे छत दुसऱ्याला टेकलेले. पुढच्याच वर्षी झालेल्या कायद्याने नवी घरे विटांची किंवा दगडांचीच असावीत असे बंधन घातले आणि भिंतींची जाडीही ठरवून दिली. आपल्याकडे मुंबईने हाच अनुभव १७ फेब्रुवारी १८०३ रोजी घेतला. फोर्टच्या तटबंदीआतील दाट वस्तीचा मोठा भाग त्या आगीत जळाला. त्यानंतर तटाबाहेरचे मैदान अधिक मोकळे करण्यात आले आणि लोकवस्ती तटाबाहेर पसरू लागली. पुण्यातही शनिवारवाड्याच्या आतील इमारती १८२८ च्या आगीत गेल्या. आज तेथे तट आणि जोती तेवढी उरली आहेत. तिन्ही ठिकाणी आगीला पुढे जाण्याची वाट लाकडाने दिली.

वऱ्हाडातील जुन्या मातीच्या घरांकडे या दृष्टीने पाहिले तर पूर्वजांच्या शहाणपणाचे कौतुक वाटते. हात-दीड हात रुंदीच्या पांढऱ्या मातीच्या भिंती, वर मातीचेच धाबे. माती जळत नाही. ती जड असल्याने आवाजही अडवते आणि वैशाख वणव्यात घर गार ठेवते. मात्र या घरांत दोन उणिवा राहून जात. पहिली उणीव सरे आणि तुळयांची. दोन्ही घरांच्या तुळया एकाच भिंतीत दोन्ही बाजूंनी रोवलेल्या असत, आणि कित्येकदा त्यांची टोके भिंतीच्या पोटात एकमेकींना भिडत. अशी टोके भिडली की भिंत कितीही रुंद असली तरी आगीला लाकडाचा पूल आयता मिळतो. दुसरी उणीव देवळ्यांची. दिव्यासाठी, डब्यांसाठी, पोथ्यांसाठी भिंतीत कोनाडे कोरले जात. अलीकडच्या देवळीच्या नेमक्या मागे पलीकडची देवळी आली, की दीड हाताची भिंत त्या जागी वीतभरही उरत नाही.

आग अडवणे म्हणजे काय?

भिंत आग किती वेळ अडवते हे तपासताना तीन गोष्टी पाहतात. भिंत कोसळता कामा नये. तिच्यातून ज्वाळा किंवा तप्त वायू पलीकडे जाता कामा नये. आणि पलीकडचा पृष्ठभाग फार तापता कामा नये. या तिसऱ्या कसोटीत पलीकडच्या बाजूचे तापमान मूळ तापमानापेक्षा सरासरीने १४० अंशांहून अधिक वाढू नये अशी मर्यादा असते. तिचे कारण घरगुती आहे. भिंतीला टेकून ठेवलेले लाकडी कपाट, गाद्यांची चळत किंवा कापसाची गाठ ज्वाळेच्या स्पर्शावाचून, निव्वळ भिंतीच्या तापानेही पेटू शकते.

पक्क्या विटांची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली नऊ इंची भरीव भिंत या तिन्ही कसोट्यांवर सामान्यतः चार तास टिकणाऱ्या वर्गात धरली जाते. अग्निशमन बंब येण्यास आणि माणसे बाहेर पडण्यास एवढा अवधी पुष्कळ आहे. मात्र हा अवधी भिंत जेथवर आहे तेथवरच मिळतो. पत्र्याच्या छपराच्या चाळींत व जोडघरांत मधली भिंत पुष्कळदा पत्र्याखालच्या कैच्यांपाशी थांबते आणि वर हातभर पोकळी उरते. शोभेचे छत लावले की ती पोकळी दिसेनाशी होते, पण बुजत नाही. धूर आणि ज्वाळा नेहमी वर चढतात. त्यांना ही वाट पहिल्यांदा सापडते. म्हणून मधली भिंत स्लॅबच्या तळाला घट्ट भिडलेली असावी, आणि छप्पर पत्र्याचे असल्यास भिंत पत्र्याच्या वर कठड्यासारखी काढलेली असावी.

आवाज वजनाला मानतो

आवाज अडवण्याचा मूळ नियम सोपा आहे: भिंत जितकी जड तितका आवाज कमी. भिंतीचे वजन दुप्पट केले की साधारण पाच ते सहा डेसिबल आवाज अधिक अडतो. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली साडेचार इंची विटांची भिंत सुमारे ४५ डेसिबल, तर नऊ इंची भिंत सुमारे ५० डेसिबल आवाज अडवते. शेजारचे सामान्य बोलणे पलीकडे शब्दशः कळू नये यासाठी दोन कुटुंबांमधल्या भिंतीकडून ५० च्या आसपास अपेक्षा ठेवणे योग्य असते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, यावरून या आकड्यांचे मोल ध्यानी यावे.

येथे हलक्या ठोकळ्यांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. हल्ली सर्वत्र वापरात आलेले पांढरे-करडे सच्छिद्र सिमेंटचे ठोकळे, ज्यांना बाजारात ‘एएसी ब्लॉक’ म्हणतात, आगीपुढे उत्तम टिकतात आणि उष्णताही रोखतात. परंतु त्यांच्या आठ इंची भिंतीचे वजन गिलाव्यावाचून चौरस मीटरला सव्वाशे किलोंच्या आसपास भरते, तर नऊ इंची विटांच्या भिंतीचे चारशे किलोंच्या वर. म्हणून ‘हे ठोकळे आगही रोखतात आणि आवाजही’ असे विक्रेता सांगतो तेव्हा पहिला अर्धा भाग पूर्ण खरा आणि दुसरा अर्धवट खरा समजावा. घरातल्या घरातील भिंतींना ते योग्य. दोन कुटुंबांमध्ये मात्र भरीव वीट किंवा दुहेरी भिंत अधिक विश्वासाची.

एका बोटाची फट

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आग आणि आवाज या दोन भिन्न प्रकृतीच्या शत्रूंना एकच दार आवडते: फट. तीन मीटर लांब व तीन मीटर उंच अशी ५० डेसिबल अडवणारी उत्तम भिंत घ्यावी. तिच्या माथ्याशी, स्लॅबच्या खाली, फक्त एक सेंटीमीटरची फट पूर्ण लांबीभर राहिली, तर त्या भिंतीची शक्ती ५० वरून सुमारे २५ डेसिबलपर्यंत घसरते. नऊ इंची भिंतीचा सारा खर्च त्या बोटभर फटीतून वाहून जातो. धुरालाही तीच फट पुरते.

अशा फटी कोठे राहतात? विटांच्या उभ्या सांध्यांत, कारण गवंडी घाईत आडवा थर भरतो आणि उभे सांधे गिलाव्याच्या भरवशावर सोडतो. वीजजोडणीच्या पेट्यांत, कारण दोन्ही घरांचे बटनफलक पाठीला पाठ लावून बसवले जातात आणि मध्ये विटेचा पापुद्रा तेवढा उरतो. नळांच्या व तारांच्या छिद्रांत, कारण ती पाडणारा कारागीर एक आणि बुजवणारा दुसरा असतो. बहुधा दुसरा येतच नाही. आणि वऱ्हाडात आणखी एक कारण आहे, ते म्हणजे काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि तिच्यावर उथळ पायाने उभ्या केलेल्या भिंतीही तिच्यासारख्याच भेगाळतात. म्हणून पाया मुरमापर्यंत नेणे किंवा रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी विकसित केलेले, तळाशी फुगीर असे खुंट पाये वापरणे हा आवाज-आगीच्या बंदोबस्ताचाच पहिला भाग आहे.

मऊ थरांचा धोका

शेजारच्या आवाजाने त्रासलेले कुटुंब पुष्कळदा सोपा उपाय शोधते: भिंतीवर फोमचे, अंड्याच्या खोक्यासारखे उंचसखल थर चिकटवते. हा उपाय दोन्ही बाजूंनी फसतो. फोम खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज शोषतो, पण त्याला वजन नसल्याने पलीकडून येणारा आवाज फारसा अडवत नाही. आणि तो भडकन पेटतो.

याची किंमत जगाने फार भयंकर मोजली आहे. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यातील एका रात्रक्लबविषयी आसपासच्या रहिवाशांची आवाजाची तक्रार होती. म्हणून तेथे भिंतींवर फोम लावण्यात आला. २० फेब्रुवारी २००३ रोजी शोभेच्या दारूच्या ठिणग्यांनी तो पेटला आणि शंभर माणसे प्राणास मुकली. दहा वर्षांनी, जानेवारी २०१३ मध्ये, ब्राझीलच्या सांता मारिया शहरातील क्लबमध्ये छताच्या ध्वनिशोषक फोमने पेट घेतला. मृतांची संख्या २४२ झाली. बहुतेकांचा बळी ज्वाळांनी नव्हे, विषारी धुराने घेतला. आवाजाचा उपाय करताना आगीला घरात बोलावू नये, हा या दोन्ही घटनांचा अर्थ आहे. थर्मोकोललाही हाच नियम लागू. तो भिंतीच्या पोकळीत भरू नये.

बांधताना काय पाहावे

जागा असल्यास सर्वांत चांगली योजना दुहेरी भिंतीची. साडेचार इंचांच्या दोन स्वतंत्र भिंती, मध्ये दोन इंचांची पोकळी, आणि दोन्हींना जोडणारी एकही वीट किंवा सळई नको. बांधताना पोकळीत पडणारा मसाला रोज काढावा. तो साचून घट्ट झाला की दोन भिंती पुन्हा एक होतात. पोकळी भरायचीच असेल तर न जळणाऱ्या दगडी लोकरीने भरावी. मात्र इतक्या सडपातळ भिंतींना छताचा भार द्यावा की नाही, हे अभियंत्याने ठरवायचे असते. जागा कमी असल्यास नऊ इंची भरीव वीट, सर्व सांधे भरलेले, दोन्ही बाजूंनी पूर्ण गिलावा, अगदी शोभेच्या छताच्या वरही.

बटनफलक समोरासमोर नकोत. त्यांच्यात निदान दोन फुटांचे अंतर असावे. मधल्या भिंतीत कपाट किंवा देवळी कोरू नये. हवी तर भिंतीपुढे बांधावी. जुन्या घराच्या तुळया बदलताना दोन टोकांमध्ये किमान अर्ध्या विटेचे भरीव बांधकाम ठेवावे. धुलाई यंत्र व घरगुती पिठाची चक्की मधल्या भिंतीला टेकवू नये. खाली जाड रबर घालावे, कारण थरथर भिंतीच्या वजनाला जुमानत नाही.

भिंत आणि शेजारधर्म

इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्यानुसार सामाईक भिंतीला हात लावण्यापूर्वी शेजाऱ्यास दोन महिने आधी लेखी कळवावे लागते. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. १८८२ चा सुविधाधिकार अधिनियम वीस वर्षे अखंड मिळालेल्या आधाराच्या हक्काला मान्यता देतो. म्हणजे आपली बाजू पाडताना शेजाऱ्याचे घर निराधार करता येत नाही. पण भिंत कोणाच्या जागेत, तिचा खर्च कोणाचा, तिच्यात छिद्र पाडायचे तर कोणाला विचारायचे, हे सारे बहुधा तोंडी असते. ज्या पिढीने ते ठरवले ती गेली की भांडणे सुरू होतात. म्हणून वाटणीपत्रात किंवा साध्या करारपत्रात या भिंतीचा एक परिच्छेद अवश्य असावा, आणि दुरुस्ती दोघांनी मिळून करावी. एका बाजूने बुजवलेले छिद्र अर्धेच बुजलेले असते.

चांगल्या भिंतीने शेजारी दुरावतो असे कोणास वाटेल. अनुभव उलट आहे. ज्यांच्यामधून प्रत्येक कुजबुज पलीकडे जाते, त्या घरांत मने आखडतात. लोक आपल्याच घरात हळू बोलू लागतात आणि शेजाऱ्याच्या प्रत्येक आवाजाचा हिशेब ठेवतात. भरीव भिंतीपलीकडचा शेजारी मात्र दारातून येतो, निरोप घेऊन येतो, प्रसंगी धावून येतो. आजींचे सामायिक निर्विघ्न पार पडते, आणि पलीकडच्या लहान मुलालाही मोकळेपणाने रडता येते.