रक्ताच्या थेंबात शेकडो प्रोटीन्सची हजेरी: अँटीबॉडी मायक्रोअ‍ॅरे म्हणजे काय?

'रक्ताच्या एका थेंबातून सगळे आजार ओळखणार!' अशी पोस्ट तुमच्याही फीडवर कधीतरी आली असेल. अगदी थोड्या रक्तातून एकाच वेळी शेकडो प्रोटीन्स तपासणारं तंत्र खरंच आहे. त्याचं नाव अँटीबॉडी मायक्रोअ‍ॅरे. पण त्यातून निदान होतं का?

हे चालतं कसं?

घरी करायची प्रेग्नन्सी टेस्ट आठवा. त्या पट्टीवरच्या अँटीबॉडी लघवीतलं एचसीजी हे एकच हार्मोन पकडतात. मायक्रोअ‍ॅरेमध्ये काचेच्या छोट्या पट्टीवर अशा शेकडो अँटीबॉडींचे बारीक ठिपके असतात. प्रत्येक ठिपका वेगळ्या प्रोटीनसाठी.

समजा, रुग्ण आणि निरोगी व्यक्ती यांच्या रक्ताची तुलना करायची आहे. एका नमुन्यातल्या प्रोटीन्सना लाल चमकणारा रंग लावतात, दुसऱ्यातल्यांना हिरवा. दोन्ही नमुने एकत्र करून पट्टीवर सोडतात, न चिकटलेलं धुऊन टाकतात आणि पट्टी स्कॅन करतात. कोणत्या ठिपक्यावर कोणता रंग जास्त, यावरून कोणतं प्रोटीन कोणाच्या रक्तात जास्त आहे ते कळतं.

मग अडतं कुठे?

अडचण अँटीबॉडीतच आहे. काही अँटीबॉडी भलत्याच प्रोटीनला चिकटतात, काही काचेवर बसवल्यावर नीट काम करत नाहीत. 2001 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अँटीबॉडी आणि प्रोटीनच्या 115 जोड्या तपासल्या. काचेवरच्या अँटीबॉडींपैकी जेमतेम 20 टक्केच कमी प्रमाणातलं आपलं प्रोटीन अचूक मोजू शकल्या.

दुसरी अडचण रक्ताची. त्यात अल्ब्युमिनसारखी काही प्रोटीन्स प्रचंड प्रमाणात असतात. आजाराची खूण सांगणारं प्रोटीन मात्र त्याच्या कोट्यवधी पट कमी असू शकतं. भर जत्रेत एकाची कुजबुज ऐकण्यासारखंच हे!

तिसरी गोष्ट आकड्यांची. एकाच वेळी 500 प्रोटीन्स तपासली, तर त्यातली काही निव्वळ योगायोगानेही वेगळी दिसतात.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

चमकणारा ठिपका म्हणजे निदान नव्हे, तो शोधाचा पहिला धागा. त्यानंतर तेच प्रोटीन एलायझासारख्या वेगळ्या चाचणीने आणि नव्या रुग्णांमध्ये पुन्हा तपासावं लागतं. म्हणून अशी पोस्ट दिसली, तर फॉरवर्ड करण्याआधी एकच प्रश्न विचारा: ही चाचणी नव्या रुग्णांवर पडताळली आहे का?